आतकरवाडी ते पुणे दरवाजा: ४१ मिनिटांवरून ३६ वर यायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, पुण्यात आयटीत नोकरी. सपाटीवर १० किलोमीटर ५२ मिनिटांत होतात. दर रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगड, वर पुणे दरवाज्यापर्यंत, तोही पूर्ण जोर लावून. वर्षभर वेळ ४१ ते ४२ मिनिटांच्या खाली येत नाही. घड्याळ २.७ किलोमीटर अंतर आणि सुमारे ६०० मीटर चढ दाखवतं. ३६ मिनिटं गाठायची आहेत. धावायचं किती, चालायचं किती, खायचं काय, सोबत काय न्यायचं आणि उतरण्याची वेळही धरायची का?

तुमची गाडी अडली आहे ती तुमच्या रविवारांमुळेच. दर आठवड्याला परीक्षा देताय, मग अभ्यास कधी करणार? चाळीस मिनिटं सगळा जीव ओतून चढलं की पिंढऱ्या, मांड्या आणि झोप ताळ्यावर यायला तीन-चार दिवस जातात. म्हणजे मंगळवार-बुधवारचा सराव अर्धामुर्धा होतो, शुक्रवारी ‘रविवारसाठी पाय राखून ठेवू’ म्हणून काहीच होत नाही, आणि पुन्हा रविवार येतो. शरीराला आठवडाभरात एकाच प्रकारचा, एकाच लांबीचा ताण मिळतो. पहिल्या काही महिन्यांत त्याने वेळ भराभर खाली येते, पुढे शरीर त्याला सरावतं आणि तिथेच बसतं. पुण्यात असे ‘४१ मिनिटंवाले’, ‘५० मिनिटंवाले’ ढिगाने आहेत. त्यांची चिकाटी वादातीत आहे, पण वर्षानुवर्षं वेळ तीच.

तेव्हा पहिली गोष्ट, पुढचे तीन महिने सिंहगडावर पूर्ण चढाईची वेळ लावायची नाही. जा जरूर, दर रविवारी जा, पण बोलता येईल अशा चालीने. हे ऐकून लोक मान डोलावतात आणि दुसऱ्याच रविवारी कुणीतरी मागून पुढे गेला की पेटतात. तसं होत असेल तर घड्याळ घरी ठेवा.

दुसरी गोष्ट हिशोबाची. तुम्ही २.७ किलोमीटर मोजताय, मोजायला हवेत ६०० मीटर. या वाटेवर आडवं अंतर फारसं काही सांगत नाही. वळणावळणाच्या, झाडीतल्या पायवाटेवर जीपीएसचं अंतर एका दिवशी २.६ येतं, दुसऱ्या दिवशी २.९. उंची बदलत नाही. ६०० मीटर ४१ मिनिटांत म्हणजे तासाला साधारण ८८० मीटर चढाईचा वेग. ३६ मिनिटांत म्हणजे बरोबर १,००० मीटर. तुमच्या ध्येयाचा आकडा नकळत किती सुटसुटीत निघालाय बघा: प्रत्येक १०० मीटर उंची सहा मिनिटांत. आज तुम्हाला त्याच १०० मीटरला सहा मिनिटं पन्नास सेकंद लागतात. हे पन्नास सेकंद कसे काढायचे, एवढाच प्रश्न आहे.

आणि ते थोडेथोडके नाहीत. एकूण वेळेत बारा टक्के घट मागताय तुम्ही. तुमच्या सपाटीवरच्या वेळेकडे पाहता ३६ आवाक्याबाहेर नाही, पण एका मोसमात ३८ झाले तर ते यश समजा आणि ३६ पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा. तीन महिन्यांत ३६ करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला आधी तुमच्यासोबत गड चढायला लावा.

आता धावायचं की चालायचं. इथे अहंकार फार आडवा येतो, कारण ‘मी न थांबता पळत गेलो’ हे सांगायला भारी वाटतं. अल्बेर्तो मिनेट्टी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरी धावपटूंना तिरक्या ट्रेडमिलवर चालवून-पळवून ऊर्जेचा खर्च मोजला. सपाटीवर धावायला दर किलो वजनामागे, दर मीटरला साधारण ३.४ जूल लागतात. ४५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर आडवं जाताना ४५ मीटर वर, हाच खर्च १९ जूलच्या जवळ जातो. त्याच चढावर चाललं तर साधारण १७. म्हणजे वाट खडी झाली की चालणं स्वस्त पडतं. तुमच्या वाटेचा सरासरी चढ २२ टक्क्यांच्या आसपास आहे, पण सरासरी फसवी असते. गावाजवळचा सुरुवातीचा भाग सौम्य, मधले काही टप्पे चांगलेच अंगावर येणारे, अधूनमधून चार पावलं सपाट.

माझा नियम साधा आहे. जिथे पळताना तुमचा वेग शेजारी झपाझप चालणाऱ्यापेक्षा जास्त होत नाही, तिथे पळण्यात अर्थ नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही सीमा पंधरा टक्क्यांच्या आसपास येते. त्याखालचे सौम्य तुकडे हलकेच, छोट्या पावलांनी पळायचे, वरचे चालायचे. स्वित्झर्लंडमध्ये फुली नावाच्या गावी दोन किलोमीटरपेक्षा कमी अंतरात १,००० मीटर चढण्याची शर्यत होते. तिथे इटलीच्या उर्बान झेमरने २०१४ मध्ये २९ मिनिटं ४२ सेकंदांची वेळ दिली होती. तुमच्या ध्येयाच्या दुप्पट वेग झाला हा. त्या चढणीवर भलेभले काठ्या टेकत, कमरेत वाकून चालताना दिसतात. जगातले सगळ्यात वेगवान चढणारे चालतात, तर आपण आतकरवाडीत लाजायचं कशाला?

पण चालणं म्हणजे रमतगमत नव्हे. खड्या टप्प्यावर हात गुडघ्याच्या थोडे वर, मांडीवर ठेवा आणि प्रत्येक पावलाला तळव्याने मांडी खाली दाबा. पाठ वाकवायची नाही, कमरेतून पुढे झुकायचं, नाहीतर छाती दबते आणि श्वास अपुरा पडतो. पाऊल लहान ठेवा. मोठा दगड समोर आला की एका ढांगेत चढण्याचा मोह होतो. शेजारी दोन लहान पायऱ्या सापडतात, त्या घ्या. उंच ढांग मांडीला जो चटका देते तो शेवटच्या १०० मीटरला वसूल होतो. आणि जमेल तिथे टाच टेकवा. सगळी वाट चवड्यांवर चढणाऱ्यांच्या पिंढऱ्या अर्ध्या वाटेतच दगड होतात.

सराव कुठे करायचा? तुम्ही पुण्यात आहात म्हणजे भाग्यवान आहात, मुंबईच्या मंडळींना यासाठी इमारतींचे जिने शोधावे लागतात. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी यांतली घराजवळची कुठलीही चालेल. आठवड्यातून एकदा तिथे चार-चार मिनिटांचे जोरदार चढ पाच वेळा, प्रत्येक चढानंतर चालत खाली. जोर इतका की तिसऱ्या मिनिटाला एखादा शब्द बोलता येईल, वाक्य नाही. पाचवा चढ पहिल्याइतकाच उंच गेला पाहिजे. पहिला सर्वांत वर आणि पाचवा अर्ध्यातच संपला, तर सुरुवात चुकली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या अनेकांना आवडतात. पायांची ताकद वाढवायला त्या उत्तम, पण तिथे चढ संपतो फार लवकर. चाळीस मिनिटांच्या चढाईला लागणारा दम तिथे तयार होत नाही.

दुसरा महत्त्वाचा सराव सिंहगडावरच करायचा. कामाच्या दिवशी पहाटे जाता आलं तर उत्तम. मधल्या खड्या भागात नऊ-दहा मिनिटं ठरलेल्या वेगाने चढायचं, निवांत खाली यायचं, पुन्हा. असं तीनदा. इथे वेग तुमच्या ध्येयाचा असावा, १०० मीटरला सहा मिनिटं. सुरुवातीला तिसऱ्या फेरीत तो सुटेल. पाच-सहा आठवड्यांनी सुटायचा थांबला की समजा शरीर तयार होतंय. रविवारी गड दोनदा चढा, पण गप्पा मारत. सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीची तयारी करणारे एकाच सकाळी तीन-तीन, चार-चार फेऱ्या मारतात, ते उगाच नव्हे. हळू चढलेली उंची साठत जाते. बाकी दोन दिवस सपाटीवर आरामात ४०-५० मिनिटं पळणं आणि दोनदा घरच्या घरी ताकदीचा व्यायाम: पायरीवर एका पायाने चढ-उतार, लंजेस, पिंढऱ्यांसाठी चवड्यांवर उठणं. पाठीवर सहा-आठ किलोची सॅक घेतली की हे व्यायाम पुरेसे कठीण होतात. दर चौथा आठवडा निम्म्या मेहनतीचा ठेवा आणि त्याच्या शेवटी वीस मिनिटांत किती मीटर उंची चढता ते पाहा. ही तुमची चाचणी. आज हा आकडा कदाचित ३०५-३१० येईल. तो ३४५-३५० झाला की ३६ चा विचार करायला हरकत नाही.

इतकं करूनही वेळ हलत नसेल, आणि विशेषतः जिना चढतानाही धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. शाकाहारी धावणारे आणि धावणाऱ्या बायका यांच्यात लोह कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते कमी असताना सरावाचा डोंगर रचला तरी उपयोग होत नाही. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवयही लोहाच्या शोषणाच्या आड येते. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ‘वर हवा विरळ होते’ हे कारण मात्र सोडून द्या. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,३१२ मीटर. तिथे जो काही फरक पडतो तो वेळ अडकवण्याइतका नसतो.

चाळिशी जवळ आलीय, तेव्हा हेही सांगतो. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्ट करून घ्या. चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसायचं आणि शेजारच्याला सांगायचं.

प्रयत्नाचा दिवस कधी निवडायचा, यावर लोक कमी विचार करतात. पावसाळ्यात अजिबात नाही. शेवाळलेला कातळ आणि लाल चिखल यांवर वेळ तर जातेच, घोटाही जातो. ऑक्टोबरात वाट छान असते, पण ऊन आणि दमटपणा मारतो. मार्चनंतर घसारा, म्हणजे सुटी माती-खडी, सुटतो, पाऊल एक वर आणि अर्धं खाली. राहिले डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची सुरुवात. वार कामाचाच हवा. रविवारी सकाळी त्या वाटेवर लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते आणि प्रत्येक अडथळ्याला दोन-तीन सेकंद गेले तरी मिनिटभर सहज जातं. उजाडता उजाडता सुरुवात करा, अंधारात नाही. हेडलॅम्पच्या उजेडात पाऊल नकळत आखडतं.

थंडीच्या पहाटे गाडीतून उतरून थेट सुटलात तर पहिली दहा मिनिटं वाया गेलीच म्हणून समजा. डोणजे-आतकरवाडी रस्त्यावर वीस मिनिटं हळू पळा, शेवटी वीस-वीस सेकंदांचे तीन-चार जोरदार तुकडे मारा, आणि मग पाच मिनिटांत सुरुवात करा. जितका प्रयत्न छोटा, तितकं अंग आधी गरम असणं महत्त्वाचं.

वेग सांभाळायचा तो पहिल्या १०० मीटर उंचीत. तिथे चढ सौम्य, पाय ताजे, आणि हृदयाचे ठोके अजून वर चढलेले नसतात, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. या सोपेपणाच्या नादात बहुतेकांचा प्रयत्न फसतो आणि ते त्यांना पंधरा मिनिटांनी कळतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी उंचीचे टप्पे हातावर पेनने लिहून पाठवतो. तुमच्यासाठी असे: पहिले १०० मीटर साडेसहा मिनिटांत, पुढचे दोन टप्पे सहा-सहा मिनिटांत, चौथा आणि पाचवा पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांत, शेवटचा पाच मिनिटं चाळीस सेकंदांत. बेरीज ३६. पहिला टप्पा मुद्दाम सैल आहे, कारण सौम्य चढावर तितक्याच मेहनतीत उंची कमी मिळते आणि अंतर जास्त. ३०० मीटरवर साडेअठरा मिनिटं दिसली पाहिजेत. एकोणीस मिनिटांच्या पुढे गेला असाल तर आजचा दिवस तो नाही. जोर कमी करा, सराव म्हणून वर जा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या. लगेच पुढच्या रविवारी नको.

घड्याळाबद्दल दोन-तीन बारीक गोष्टी. उंची हवेच्या दाबावरून मोजणारं घड्याळ असेल तर निघण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्या. हवामानाप्रमाणे ती घसरते. मनगटावरचा ठोक्यांचा आकडा चढावर मागे पडतो, भरवसा ठेवायचा असेल तर छातीचा पट्टा बांधा. आणि ‘ऑटो-पॉज’ बंद करा. थांबलं की घड्याळ थांबतं आणि मग लोक ‘चालती वेळ’ विक्रम म्हणून सांगतात. वाटेत लिंबू सरबत घेतलंत तर ती दोन मिनिटंही तुमचीच. सुरुवातीची आणि शेवटची खूण पक्की ठरवा: गावातली एखादी न हलणारी पाटी किंवा दगड, आणि वर पुणे दरवाज्याची कमान. दरवाज्याच्या अलीकडे, पहिल्या टपरीशी घड्याळ दाबणारे अनेक आहेत; त्यांच्या वेळेशी तुलना करून झुरू नका.

खाण्यावर फार बोलण्यासारखं नाही. चाळीस मिनिटांसाठी एनर्जी जेलची गरज नसते, रात्रीचं नेहमीचं जेवण पुरतं. पहाटे एखादं केळं, तेही पचत असेल तर. कॅफिनचा फायदा होतो, पण तो वजनाच्या दर किलोमागे साधारण तीन मिलिग्रॅम घेतलं तर. आपल्या कपभर चहात तेवढं नसतं. कडक फिल्टर कॉफी तासभर आधी चालेल, फक्त पहिल्यांदाच प्रयत्नाच्या दिवशी पिऊ नका, पोट रुसलं तर वाटेत सोय नाही. पाणी निघण्यापूर्वी प्या आणि बाटली गाडीत ठेवा. दीड किलोची बॅग ७० किलोच्या माणसाला दोन टक्के जड करते, आणि चढावर ते थेट वेळेत उतरतं: जवळपास पाऊण मिनिट. फोन आणि वर दह्याला पुरतील इतके पैसे, बस्स. हाच हिशोब स्वतःच्या वजनालाही लागू आहे, पण म्हणून प्रयत्नाआधी पंधरा दिवस उपाशी राहू नका. वजनाआधी ताकद जाते. बूट चार-पाच मिलिमीटर दात असलेले, वापरून सैल झालेले. काठ्या या वाटेवर नकोत. दुसऱ्याच्या पायात येतात.

गर्दी नसली तरी वाटेवर माणसं असतातच. डोक्यावर ताकाची कळशी, दुधाची किटली किंवा सरपण घेऊन चढणाऱ्या गावातल्या मावश्या-काका तुमच्या आधीपासून, रोज, आणि चपलेवर ही वाट चढतात. भारवाल्याला वाट द्यायची, मग घड्याळात काहीही दिसो. बाकीच्यांना दहा पावलं आधी आवाज द्या, ‘काका, उजवीकडून येतोय’. बहुतेक जण हसून बाजूला होतात, काही ‘चला, चला’ म्हणून जोरही देतात.

राहिला शेवटचा प्रश्न, उतरण्याची वेळ. या वाटेवर मोजू नका. मिनेट्टीच्याच मोजमापात २० टक्के उतारावर धावण्याचा खर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे दम लागत नाही आणि वेग आपोआप वाढत जातो. थांबवायचं काम मांड्यांचं, आणि चढून आलेल्या मांड्या ते नीट करत नाहीत. खालून लहान मुलं, म्हातारी माणसं, चपलेत आलेली कॉलेजची पोरं वर येत असतात आणि घसाऱ्यावरून सुटलेला दगड कुणाच्या दिशेने जाईल ते तुमच्या हातात नसतं. तुम्ही पडलात तर निदान तुमची निवड होती. उतरण्याची हौसच असेल तर वेताळ टेकडीवर रिकाम्या वाटेने सराव करा, आणि वेळ लावून खाली यायचं असेल तर ते शर्यतीत, जिथे वाट मोकळी केलेली असते आणि वळणावळणावर माणूस उभा असतो. आतकरवाडीच्या प्रयत्नाच्या दिवशी पुणे दरवाज्यात घड्याळ थांबवा, गडावरच्या देवटाक्याचं पाणी प्या, ओला शर्ट बदला, आणि खाली मांड्या जपत चालत या.